गाडीची टिंग कुठं गेली

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी कुणावर डाफरलो, कुणाशी उगाच भांडलो असं आलं तर नवल वाटून घेऊ नका. पण या गोष्टीत मी जेवढा भांडलो त्याच्या दुप्पट गोंधळलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्यातलं सगळं मला अजूनही उमगलेलं नाही.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरात कापड गिरणीत साच्यावर होतो. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. असे शेकड्यानं साचे एका खात्यात, एका छताखाली, एकदम चालायचे. अठराव्या वर्षी बापाच्या जागी लागलो त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि मला गिरणी सोडायची होती. कापसाची धूळ, दर आठवड्याला बदलणारी पाळी, जॉबरची, म्हणजे मुकादमाची मिजास, सगळ्याचा वीट आला होता. सोडून कुठं जायचं तेही ठरलेलं होतं. सक्करदऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर कडुनिंबाखाली एक पत्र्याचं दुकान होतं. मोटारसायकलींचे सायलेन्सर उघडणं, साफ करणं, वेल्डिंग करणं, त्यांचा आवाज बसवून देणं, एवढंच काम तिथं व्हायचं. दुकान आमच्या मिस्त्रींचं.

मिस्त्री मूळचे उमरेडकडचे. घरी थोडी शेती, ती भाऊ बघायचा. मी सात वर्षं पाळी सुटली की त्यांच्याकडं जाऊन बसायचो. आधी नुसता बसायचो, मग हत्यारं द्यायला लागलो, मग हात काळे करायला लागलो. एक दिवस चहा पिता पिता ते म्हणाले, "भाऊ थकला गा माझा. मी आता गावी जातो. दुकान कोणाले तरी द्या लागंल."

मी कप खाली ठेवला. 

त्यांनीच पुढं सांगितलं. दुकान मागणारे दोघं होते. एक मी, दुसरा महाल भागातला एक वेल्डर. वेल्डरचा हात साफ होता, पण मिस्त्रींचं मन माझ्याकडं होतं. फक्त एक अट. "तुझी सोताची गाडी घे. तिचा कंपनीचा सायलेन्सर असा बसवून दाखव का आवाजबी सुधरला पाहिजे अन् पिकअपबी वाढला पाहिजे. नुसता आवाज तं कोणीबी वाढवते. दोन्ही जमलं तं दुकान तुझं."

माझी गाडी टू-स्ट्रोक, एका शाळामास्तरांकडून सेकंडहँड घेतलेली. घेतली तेव्हा तिचा आवाज असा होता की मी तिच्यावर फिदा झालो होतो. खाली जाड भद्द-भद्द आणि तिच्या डोक्यावर एक बारीक, पितळी टिंग. किक मारली की टिंग-टिंग-टिंग करत निघायची. पण वर्ष-दोन वर्षांत ती टिंग हळूहळू मरत गेली. भद्द-भद्द राहिली, टिंग गेली. मला वाटलं, आत काजळी जमली असेल. म्हटलं, बरंच झालं. टिंग परत आणायची, की झालं दुकान आपलं.

हे सांगण्याआधी साचेखात्याबद्दल दोन शब्द सांगावे लागतील. तिथं आवाज एवढा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसता वारा लागायचा. म्हणून आम्ही ओरडतच नव्हतो. आवाज न काढता, तोंड मोठं मोठं करून नुसत्या ओठांनी बोलायचं, सोबतीला हात. मनगटावर बोट म्हणजे किती वाजले, मिशीला पीळ म्हणजे जॉबर येऊन राहिला. चार साचे सोडून उभ्या असलेल्या सोबत्याला मी घरच्या भांडणाची अख्खी कथा सांगू शकायचो आणि तो तिकडून मला सल्लेही द्यायचा. साचा नीट चालतोय की नाही, हेही कानानं कळायचं नाही. त्याच्या लोखंडी अंगावर तळहात ठेवायचा. सूत घेऊन इकडून तिकडं धावणारा धोटा वाकडा जाणार असेल तर आधी तळहाताला कळतं.

ही सवय घरीही यायची. माझा बाप जेवताना मिठासाठी तोंड उघडत नसे, चिमूट दाखवायचा. माझी बायको साचेवाल्याचीच पोर, तिला हे सगळं माहेरूनच येत होतं. आमच्या वस्तीत निम्मे पुरुष गिरणीतले. कुणी कुणाला पाठीमागून हाक मारत नसे, पुढ्यात येऊन खांद्यावर हात ठेवायचा आणि मग बोलायचं. यात काही वेगळं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

तर मी कामाला लागलो. सायलेन्सरच्या आत एक पुंगळी असते, छिद्रं पाडलेली लोखंडी नळी. धूर तिच्यातून फिरून बाहेर पडतो म्हणून आवाज दबतो. मी ती काढली, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवली, काजळी खरवडून काढली आणि परत बसवली. किक मारली. टिंग नाही.

मग पुंगळीला ड्रिलनं जास्तीची छिद्रं पाडली. किक मारली. भद्द-भद्द थोडी वाढली, टिंग नाहीच. पण शेजारची म्हातारी दारात येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "काहून गा, माणसं मारतं का? माझा दमा उठला ना तुझ्या गाडीनं."

"आजी," मी म्हटलं, "दमा आवाजानं उठत नाही."

"मंग कायनं उठला? कालवरी तं निजला होता."

वस्तीत बोभाटा झाला. कुणाची गाय दोर तोडून पळाली, कुणाचं लेकरू दचकून उठलं. मला कळेचना. माझ्या कानाला गाडी निम्मी मेल्यासारखी वाटत होती आणि लोक म्हणत होते कान फाटले. मी ठरवून टाकलं की हे जळतात. पाण्याची बादली घेऊन नळावर रांगेत उभा राहायचा माणूस गाडीवर बसला की लोकांना बघवत नाही. एकदोघांना तसं तोंडावर सांगितलंही. एकानं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

शेवटी मी पुंगळी काढूनच टाकली आणि मागून सायलेन्सर चार बोटं कापला. आता तरी, म्हटलं, वाजशील ना बाई. टिंग तर आली नाहीच, वर आणखी एक भानगड झाली. गाडीची ओढ गेली, म्हणजे पिकअप. रविवारी बायकोला मागं बसवून सेमिनरी हिल्सकडं निघालो तर अर्ध्या चढावर गाडी रडायला लागली. पहिल्या गिअरवर आणली तरी पुढं सरकेना. बायको उतरली आणि पदर खोचून चालू लागली. ती पुढं, मी गाडीवर मागं. वर पोचल्यावर तिनं वळून माझ्याकडं पाहिलं आणि ओठांनीच म्हणाली, "बसता का मांगं? मी नेतो तुमाले."

आमची ती वरात बघून रस्त्यावरची माणसं हसली. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गणित होतं. जेवढा आवाज, तेवढी ताकद. साऱ्या नागपुरातल्या गाडीवाल्यांचं हेच गणित होतं, म्हणून तर आमचं दुकान चालत होतं. इथं सगळंच उलटं. लोक म्हणत होते आवाज वाढला, मला वाटत होतं घटला, आणि ताकद दोन्हीकडून गेली. मी गाडी तशीच मिस्त्रींकडं नेली.

त्यांनी किक मारली आणि तोंड वाकडं केलं. "फोडून टाकला ना बे तू आवाज."

"टिंग गेली, मिस्त्री."

"कोणती टिंग?"

"वरची. बारीक."

त्यांनी पुन्हा किक मारली. "टिंग तं कान फोडून राहिली. तिच्याशिवाय दुसरं काही आइकूच नाही येऊन राहिलं."

मला वाटलं, ही परीक्षा चाललीय. मास्तर मुद्दाम चुकीचं उत्तर सांगून पोराला फिरवतो ना, तसं मिस्त्री मला फिरवत आहेत. मी मान हलवली, समजल्यासारखं केलं. समजलं मात्र काही नव्हतं.

ओढीचं त्यांनी नीट सांगितलं. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर नुसता बाहेर जाऊन चालत नाही. त्याच्यासोबत थोडं ताजं पेट्रोलही निसटतं. सायलेन्सरचं काम असं की त्यानं धुराला जाऊ द्यायचं आणि निसटलेलं पेट्रोल परत आत ढकलायचं. "फाटक्या फुंकणीनं चूल पेटते का?" ते म्हणाले. "तू फुंकणीच फाडून टाकली. आता कितीबी फुंक." मग हसून म्हणाले, "पंधरा दिवस आहेत तुझ्यापाशी. मंग मी चाललो गावी."

पंधरा दिवस. मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं ताट पुढं ठेवलं तर तिच्यावरच खेकसलो. तिनं ताट झाकून ठेवलं. मला भीती वाटत होती. सात वर्षं ज्या दुकानाकडं डोळे लावून बसलो ते माझ्याच हातानं घालवतोय, आणि काय चुकतंय तेही कळत नाहीय. चूक दिसली असती तर मी तिची मान पिरगाळली असती. दिसतच नव्हती.

मग मी एक गोष्ट केली. टिंगेचा नाद सोडला. म्हटलं, आवाज दगा देतोय तर द्या सोडून त्याला, ओढ तरी परत आणू. माझ्याच मॉडेलची एक नवी गाडी दुकानात आली होती, तिचा सायलेन्सर सुतळीनं मोजला. कुठून फुगतो, कुठं निमुळता होतो, पुंगळी किती आत, प्रत्येक ठिकाणी सुतळीला गाठ. त्या मापावरून नवा बसवला. मग त्यात बदल करत गेलो. मागचा निमुळता भाग दोन बोटं वाढवला. पुंगळीची छिद्रं कमी केली, पण मोठी केली. पुढचा वाकडा पाइप बदलला. सरळ पाइपात कोरडी वाळू ठासून भरली, तापवला आणि वाकवला, म्हणजे वाकवताना चेपत नाही. दर बदलानंतर गाडी सेमिनरी हिल्सच्या चढावर न्यायची, तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि कोणत्या झाडापर्यंत दम धरते ते बघायचं.

आणि तळहात. गाडी उभी करून सायलेन्सरच्या तोंडापाशी तळहात धरायचो. सुरुवातीला धुराचे धक्के वेडेवाकडे लागायचे, एक मोठा, एक लहान, मध्येच एक गिळलेला. बदल करत गेलो तसे ते एकसारखे होत गेले. शेवटी असे लागायला लागले की मला माझा चांगला चालणारा साचा आठवला. चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वरपर्यंत गेली, बायकोला घेऊन. ती खाली उतरली नाही म्हणून तिलाच चुकल्यासारखं झालं.

पण टिंग नव्हती. आवाज माझ्या कानाला ओल्या पोत्यासारखा लागत होता. अर्धी अट पुरी झाली होती, अर्धी नव्हती. पंधरावा दिवस उजाडला आणि मी अपराध्यासारखा गाडी घेऊन दुकानावर गेलो. दुपारची पाळी होती, तासाभरात गिरणीत पोचायचं होतं.

 मिस्त्री गाडीवर बसले, सक्करदरा तलावाच्या बाजूनं एक चक्कर मारून आले. गाडी बंद केली. खाली बसून सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवलं, बोटावरची काजळी उन्हात धरून पाहिली. मी समोर उभा. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागले. पोट धरून, मान हलवत, डोळे पुसत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली ते माझ्या कामाला हसत होते.  गाडी तिथंच सोडली, वळलो आणि तरातरा गिरणीच्या रस्त्याला लागलो. मागं वळूनही पाहिलं नाही.

आठ दिवस तिकडं फिरकलो नाही. गाडी आणायलाही गेलो नाही, इतका राग. रोज वाटायचं, मिस्त्री गाडी घेऊन घरी येतील, समजूत काढतील. आले नाहीत. नवव्या दिवशी साच्यावरच्या सोबत्यानं चार साचे पलीकडून ओठांनी सांगितलं की दुकान महालातल्या वेल्डरला मिळालं. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्यानं चावी फिरवल्याचा हात केला, वेल्डिंगचा हात केला, आणि मग दोन्ही हात झटकले.

पाळी सुटल्या सुटल्या मी सरळ दुकानावर गेलो. वेल्डर नव्हता. मिस्त्री एकटेच त्यांची हत्यारं एका पेटीत भरत होते. मी सरळ सुरुवातच केली.

"मले काहून नाही दिलं?"

त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या कपाळावर, गालांवर घाम होता. खांद्यावरचं फडकं घेऊन ते तोंड पुसायला लागले, आणि पुसता पुसता बोलत असावेत. असावेत म्हणतो, कारण त्या फडक्यामागं काहीच नव्हतं. त्यांचे डोळे बोलत होते, भुवया बोलत होत्या, फडकं हलत होतं आणि आवाज नव्हता. नुसता एक गुबगुब. मग फडकं खाली आलं आणि वाक्याचं शेपूट मला लख्ख ऐकू आलं.

"…तीनदा आवाज देला मी तुले. तू वळूनबी नाही पाह्यलं."

मी उभा होतो तिथंच.  त्यांनी ओठ हलवले की आवाज यायचा, ओठ झाकले की जायचा. म्हणजे आवाज कानात येतच नव्हता. मी तो त्यांच्या तोंडावरून उचलत होतो आणि ऐकतोय असं समजत होतो. किती वर्षांपासून, कुणास ठाऊक.

ते सांगत राहिले. त्या दिवशी ते आनंदानं हसले होते. असा आवाज त्यांनी तीस वर्षांत कधी ऐकला नव्हता, जाड आणि बारीक दोन्ही एका सुरात, आणि त्यावर ती ओढ. मी वळून चाललो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं की दुकानाची चावी घेऊन जा. रस्त्यावरची माणसं थांबली, मी थांबलो नाही. "पानठेल्यावरचे लोक हासले मले," ते म्हणाले. "सात वर्सं पोरावाणी वागवला अन् असा उपकार फेडला. एवढा माज कायचा गा तुले?"

इथं मी फक्त एवढंच सांगायला हवं होतं की मिस्त्री, मला ऐकू आलं नाही. चार शब्द. ते जिभेवर आलेही होते. पण सत्तावीस वर्षांचा माणूस, दोन हात दोन पाय धड, आणि स्वतःच्या तोंडानं म्हणणार की मी बहिरा आहे? आवाज बसवायचं दुकान मागायला आलेला माणूस? मला एवढी लाज वाटली की अंग तापलं. आणि मला लाज वाटली की मी चिडतो; तापट आहे ते तुम्हाला सांगितलंच आहे.

"आइकलं होतं," मी म्हटलं. "मुद्दाम नाही वळलो."

मिस्त्रींचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही. त्यांनी पेटी बंद केली. मी गाडी काढली आणि घरी आलो.

बायको चुलीपाशी वांगी चिरत होती. मी म्हटलं, "तिकडं तोंड कर. भिंतीकडं. अन् काहीतरी बोल."

तिनं मला नीट न्याहाळून घेतलं. मग विळी बाजूला सारली आणि भिंतीकडं वळली. मी तिच्या अंबाड्याकडं बघत उभा राहिलो. काही आलं नाही.

"बोलली का?"

ती वळली. "बोलली ना."

"काय?"

"वांग्यात आलू टाकू का, म्हणून ईचारलं."

मी खाली बसलो. ती माझ्यासमोर येऊन बसली, तोंडासमोर तोंड, नेहमीसारखी. आणि तेव्हा मला दिसलं की ती नेहमी अशीच बसते. अंधारात कधी बोलत नाही. दुसऱ्या खोलीतून कधी हाक मारत नाही.

"तुले माहीत होतं?"

"लग्न झालं तवापासून. आमचे बाबाबी असेच होते. मामाबी असेच. साच्यावरच्या माणसासंग असंच बोला लागते ना."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

तिला प्रश्नच समजला नाही. "मले वाटलं तुमाले माहीत असंल," ती म्हणाली. "सोताचे कान आहेत ना ते."

"अन् गाडीची टिंग?"

"ते तं पार धरमपेठेत आइकू येत असंल," ती म्हणाली आणि हसली, मग माझं तोंड बघून थांबली. मी रडलो. बायकोसमोर रडलेला मी पहिलाच गडी नसेन, पण माझ्या बापाला कळलं असतं तर त्यानं घराबाहेर काढलं असतं. मी कशासाठी रडत होतो तेही मला नीट सांगता आलं नसतं. कानासाठी, दुकानासाठी, की मिस्त्रींना जे बोलून आलो त्यासाठी. तिनं विचारलं तेव्हा मी तिला तिन्ही सांगितलं. तिनं एकच म्हटलं, "उद्या जा अन् खरं सांगून या."

उद्या मी गेलो नाही. परवाही नाही. पाळी आहे, पाऊस आहे, अंगात कसर आहे, अशी कारणं काढत महिना घालवला. गेलो तेव्हा कडुनिंबाखाली वेल्डर बसलेला होता आणि मिस्त्री गावी जाऊन तीन आठवडे झाले होते. मग एका सुटीच्या दिवशी मी गाडी काढली आणि उमरेडच्या रस्त्यानं त्यांच्या गावी गेलो.

ते वावरातच होते. भावासोबत बंधाऱ्याची माती ओढत होते. माझी गाडी त्यांनी लांबूनच ओळखली असणार, कारण मी पोचलो तेव्हा ते फावडं टेकवून रस्त्याकडं बघतच उभे होते. पाणी दिलं. बायकोची खुशाली विचारली. त्यांच्या मनात राग आहे की नाही, मला समजेना. मी एका दमात सांगून टाकलं. मिस्त्री, मला ऐकू येत नाही. साच्यावर कान गेले. त्या दिवशी तुमची हाक मला आली नव्हती, मी खोटं बोललो.

 मिस्त्रींनी रस्त्याकडं, गाडीकडं हात केला.

"तो आवाज कोणं बसवला?"

"मीच."

"मी तीस वर्सं हेच केलं. मले तसा नाही जमला. अन् तू म्हणतं बहिऱ्यानं बसवला?"

"हातानं बसवला, मिस्त्री. तळहात धरून."

"हातानं," ते म्हणाले. माझ्या तोंडातूनही ते मला खोटंच वाटलं. साच्यावरच्या माणसाला हे सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं. मिस्त्री कधी साच्यावर उभे राहिले नव्हते. आणि आता, या घटकेला, मी त्यांच्या प्रत्येक शब्दाला बरोबर उत्तर देत होतो, कारण ते माझ्यासमोर उभे होते, उन्हात, तोंड उघडं.

मी म्हटलं, "तुमी पाठ करून बोला. मंग पाहा."

त्यांनी ऐकलं. फावडं खाली ठेवलं, वळले, पाठ माझ्याकडं करून उभे राहिले. त्यांच्या मानेवरची शीर हलत होती, म्हणजे बोलत होते. थोडंथोडकं नाही, बरंच बोलले. मध्ये एकदा थांबले, खांदे खाली गेले, पुन्हा बोलले. त्यांचा भाऊ लांबून कुदळ थांबवून ऐकत होता, आणि त्याचं तोंड उतरलं. मग मिस्त्री माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे ओले होते.

"काय म्हटलं मी?"

"मले माहीत नाही, मिस्त्री."

त्यांनी मान हलवली. "तवाबी तू असंच केलं," ते म्हणाले. "आइकून न आइकल्यावाणी."

ऐकू येतं हे दाखवता येतं. येत नाही हे कसं दाखवायचं, ते मला तेव्हाही सुचलं नाही. आणि एकदा मीच माझ्या तोंडानं म्हटलं होतं की ऐकलं होतं, मुद्दाम वळलो नाही. मिस्त्रींनी फावडं उचललं. मी बांधावर थोडा वेळ उभा राहिलो, मग गाडी काढली. त्यांच्या भावाला विचारता आलं असतं की पाठ करून ते काय बोलले. मी विचारलं नाही.